इंजिन खोलू नका, आधी रूळ तपासा

संपादक महोदय,

कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून आलं की मुलं घरी ट्रेन सेटचा हट्ट धरतात आणि मग गाडी वळणावर अडखळली की मोठी माणसं लगेच इंजिन खोलून बसतात, तसं करू नका हो! साध्या एचओ (खऱ्या गाडीच्या १:८७ मापाच्या) सेटमध्ये रुळातूनच १२ व्होल्टपर्यंत डीसी जातो, म्हणून आधी सप्लाय बंद करून रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग गाडी चालू ठेवून मल्टीमीटर दोन्ही रुळांना लावत पुढे सरका, जिथे व्होल्टेज एकदम पडतं तिथला जॉइनर (रुळाचे दोन तुकडे जोडणारी धातूची पट्टी) बहुतेक सैल नाहीतर काळा पडलेला असतो. जॉइनरच्या भरवशावर राहूच नये, मध्येमध्ये फीडर वायर (सप्लायमधून थेट रुळाला वीज देणारी तार) सोल्डर करावी. मुलांच्या पुरवणीत ह्यावर सचित्र काहीतरी छापाच, प्लीज.

- एक वाचक, पुणे