आपत्कालीन प्रशिक्षण सक्तीचे हवे, पण गुणांसाठी नको

मा. संपादक,

तरुणांना आपत्कालीन कौशल्ये शिकणे सरकारने सक्तीचे करावे, या मताचा मी आहे. मात्र ही सक्ती पाठ्यपुस्तकाच्या वाटेने येणार असेल तर ती न आलेलीच बरी. दहावीच्या विज्ञानात ‘आपत्ती व्यवस्थापन’ हा धडा आहेच. विद्यार्थी आपत्तींचे प्रकार पाठ करतात आणि गुण मिळवतात. परंतु शेजारचा माणूस अचानक कोसळला तर त्यांच्यापैकी किती जणांचे हात त्याच्या छातीवर योग्य जागी पडतील, हे कोणी तपासत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालानंतर पर्यावरण शिक्षणही सक्तीचे झाले. त्याचे तयार प्रकल्प कोणत्या दुकानात मिळतात, हे पालकांना ठाऊक आहे.

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देण्याचा उपचार, देताना छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटीमीटर खोल दाब द्यावा लागतो. वाचायला हे सोपे आहे. सरावाच्या पुतळ्यावर मात्र धडधाकट मुलांचेही कोपर वाकतात, दाब उथळ पडू लागतो आणि दोन मिनिटांतच दम लागतो. म्हणूनच दोघांनी आळीपाळीने दाब देण्याचा सराव करून घ्यावा लागतो. हृदय थांबल्यावर मेंदूला इजा होण्यास काही मिनिटेच पुरतात, आणि तेवढ्यात १०८ ची रुग्णवाहिका दारात येईलच असे नाही. सर्पदंशात तर काय करू नये हेच आधी शिकवावे लागते: जखम चिरू नये, दोरी करकचून आवळू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. विहिरीत बुडणाऱ्यासाठी पाण्यात उडी घेणारा पट्टीचा पोहणाराही त्याच्या मिठीत सापडून जीव गमावतो. काठावरून दोर किंवा हवा भरलेली ट्यूब फेकण्याचे भान सरावाशिवाय येत नाही.

डेन्मार्कने २००५ मध्ये शाळांत आणि २००६ पासून वाहन परवान्यासाठी सीपीआरचे प्रशिक्षण बंधनकारक केले. जर्मनीतही प्रथमोपचाराच्या वर्गाशिवाय परवाना मिळत नाही. आपल्याकडे शिकाऊ परवान्याची परीक्षा आता घरबसल्या देता येते. निदान पक्क्या परवान्यापूर्वी एका दिवसाचे प्रत्यक्ष प्रशिक्षण ठेवावे. परवाना न काढणाऱ्यांची, विशेषतः ग्रामीण मुलींची, संख्या लक्षात घेता बारावी आणि आयटीआयमध्येही तेच प्रशिक्षण द्यावे लागेल. हे काम शिक्षकांच्या माथी मारू नये. जनगणना आणि निवडणुका त्यांना पुरेशा आहेत. अग्निशमन दल, होमगार्ड आणि ‘आपदा मित्र’ योजनेतील प्रशिक्षित स्वयंसेवक यांना मानधन देऊन ते सोपवावे.

सक्तीने माणुसकी शिकवता येत नाही, हा आक्षेप मला पटत नाही, कारण उणीव माणुसकीची नाहीच. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा तेथे गाडीरस्ता नव्हता आणि बचाव पथकांना डोंगर चढून जावे लागले. अशा ठिकाणी मदत पोहोचेपर्यंत जे काही करायचे ते वाचलेल्या माणसांनाच करावे लागते. रस्त्यावरील अपघातात लोक मागे सरतात ते बहुधा पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या धास्तीने. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने मदतकर्त्याला संरक्षण दिले असून, त्याच्यावर आपले नाव सांगण्याचेही बंधन नाही. ही माहितीही त्याच वर्गात द्यावी, आणि प्रमाणपत्र मात्र पुतळ्यावर दाब नीट देऊन दाखवणाऱ्यालाच मिळावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, कराड