विद्यापीठाच्या कारभारात आपली मुले हवीत

माननीय संपादक,

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले, परंतु कक्ष अधिकारी, सहायक कुलसचिव ही पदे आपल्यालाही मिळू शकतात, हे येथील मुलांना क्वचितच कुणी सांगते. धानकापणीच्या दिवसांत आमच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेची एक विद्यार्थिनी, आधार बँक खात्याशी न जोडल्यामुळे अडकलेले शिष्यवृत्तीचे अर्ज खिडकीपाशी उभी राहून एकेक करून मार्गी लावत होती. माझ्या मते हेच खरे प्रशासन. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेची तरतूद आहे. तिच्या निवडणुका नियमित घ्याव्यात आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेतून अशा मुलांना परीक्षा व आस्थापना विभागांत काम द्यावे, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त प्राध्यापक, सिंदेवाही, जि. चंद्रपूर