आई, हाताची काळजी करू नकोस

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

आई, व्हिडिओवर माझ्या हातावर दिसलं ते मोठं काही नाही. डॉक्टरांना दाखवलंय, आता खपल्या धरल्यात. रविवारी लाखकाम शिकायला जातो ना, तिथल्या झाडाच्या चिकानं उठलं. इथे जपानात उरुशी म्हणतात त्याला. झाड बिब्ब्याच्याच कुळातलं, बिब्बा उततो तसंच हे उततं. आणि बाबा, नोकरीत काही कमी पडत नाही.

आपल्या चितारआळीतली लाख किड्याची, घर्षणाच्या उष्णतेनं लाकडावर चढते. इथे मात्र उलटं. चीक घट्ट व्हायला ओल द्यावी लागते! पातळ हात दिला की वस्तू कपाटात ठेवायची, आत ओली फडकी टांगायची. 70 ते 80 टक्के दमटपणा, 20 ते 25 अंश उष्णता. पहिल्यांदा मला वाटलं, मास्तरांचं काहीतरी चुकतंय. पण कोरड्या हवेत तो चिकटच राहतो. हवेतला ओलावा आणि प्राणवायू मिळाला की दगडासारखा होतो. त्या कपाटाला फुरो म्हणतात, म्हणजे न्हाणी. मग घासायचं, पुन्हा हात, पुन्हा न्हाणी. आपल्याकडे पावसात काही वाळत नाही म्हणून तू वैतागतेस, आणि इथे पाऊस लागला की मास्तर खूश.

सामुराईंची चिलखतं याच चिकावर टिकली. कच्च्या चामड्याच्या आणि लोखंडाच्या बोटाएवढ्या हजारो पट्ट्या, गंजू नयेत म्हणून त्यावर हा लेप, मग रेशमी दोऱ्यांनी ओळीवर ओळ ओवलेल्या. टोकियोच्या पश्चिमेला मिताके डोंगरावरच्या देवळात असं एक लाल चिलखत आहे, 1191 साली वाहिलेलं मानतात. मेइजी बादशहाच्या काळात (1868 ते 1912) दुरुस्त करताना रासायनिक रंगाचा दोरा घातला, तो विटलाय. मूळचा दोरा आपल्या मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांनी रंगवलेला, तो अजून लाल. मी काचेसमोरून हललोच नाही. बाबा, तुम्हाला दाखवायला हवं होतं.

आता कामाचं. 80 हजार पाठवलेत, हॉलची अनामत त्यातूनच द्या. सोनं गहाण ठेवू नका. ताईच्या लग्नाला दहा दिवस आधी पोचतो, पण त्यामुळे चतुर्थीची रजा गेली. सलग तिसरं वर्ष. गणपतीवरची माटवी बांधायला काकांना सांगा, बाबांनी स्टुलावर चढू नये. माझ्या लग्नाचं ताईचं उरकल्यावर बोलू, नाही म्हणत नाही मी.

आरतीला फोन माटवीसमोर ठेवा. इथे साडेतीन तास पुढे असतात, मी जागा राहीन.

तुमचा,
महेश