प्रांगणातील मुख्य नामफलकाच्या सदोष कामाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सार्वजनिक प्रांगणातील मोठ्या नामफलकाची असुरक्षित उभारणी, कोटेशनपेक्षा वेगळे साहित्य आणि अंतिम बिल थांबवण्याबाबत

महोदय,

आमच्या संस्थेच्या खुल्या प्रांगणासाठी प्रवेशकमानीवरचा मुख्य नामफलक, बोधचिन्ह आणि आतले दिशादर्शक फलक असे काम आपल्या कंपनीने केले. काम पूर्ण झाल्याचे पत्र आणि अंतिम बिल आपण तत्परतेने पाठवलेत. त्यानंतर आलेल्या तक्रारींना मात्र फोनवर एकच उत्तर मिळते, "पहिल्या पावसात थोडे पाणी जातेच." म्हणून आता लेखी कळवत आहे.

सर्वांत गंभीर बाब आधी. मुख्य फलकाच्या उजव्या टोकाची एसीपी शीट (दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेला फलकाचा तक्ता) वरच्या कोपऱ्यात सुटली आहे. जोराची झुळूक आली की ती चौकटीपासून बोटभर उचलते आणि परत आपटते. खाली उभे राहिले की आवाज स्पष्ट ऐकू येतो. त्या खालून दिवसभर लोक ये-जा करतात, शाळेच्या सहली येतात. आम्ही तेवढा भाग दोरी बांधून बंद केला आहे, म्हणजे मुख्य प्रवेशद्वार सध्या निम्मेच उघडे आहे.

फलक 12 मीटर लांब आणि 2.5 मीटर उंच आहे, म्हणजे 30 चौरस मीटरची सलग भिंतच. सेकंदाला 40 मीटर वेगाचा वारा (ताशी 144 किलोमीटर) समोरून आला, तर ढोबळ हिशेबाने दर चौरस मीटरवर सुमारे 98 किलो दाब येतो. पूर्ण फलकावर तो जवळपास 3 टन होतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे आपल्या अभियंत्यांना मी सांगायला नको. हा भार किती अँकर बोल्टवर (चौकट काँक्रीटला पकडून ठेवणारे बोल्ट), किती खोलीवर आणि कोणत्या काँक्रीटमध्ये जातो, याची गणिते आम्ही वर्क ऑर्डरसोबतच मागितली होती. "काम झाल्यावर देतो" असे सांगण्यात आले. काम झाले, बिलही आले, गणिते आणि स्थैर्य प्रमाणपत्र अजून आलेले नाही. दुकानाच्या शटरवर लावायची पाटी आणि लोकांच्या डोक्यावर टांगलेला 30 चौरस मीटरचा पत्रा यांत आपल्याकडे काही फरक केला जातो की नाही, असा प्रश्न पडतो.

आता विजेचे काम. फलकाची शेवटची तीन अक्षरे विझली, म्हणून आमच्या इलेक्ट्रिशियनने आपल्या माणसाच्या समक्ष मागचा डबा उघडला. कोटेशनमध्ये अक्षरांच्या दिव्यांना वीज देणारे पॉवर सप्लाय आयपी 67 (आयपी म्हणजे धूळ आणि पाण्यापासूनच्या संरक्षणाची श्रेणी) लिहिले आहेत. डब्यात निघालेल्यांवर आयपी 20 छापलेले होते. त्यातला दुसरा आकडा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा, आणि तिथे शून्य म्हणजे संरक्षण नाहीच. असा सप्लाय कपाटात चालतो. उघड्यावरच्या डब्यात, तेही केबलच्या भोकाला ग्लँड (पाणी आत जाऊ न देणारी घट्ट कडी) न बसवता, तो ओला होणारच होता. बारा व्होल्टची लाइन एकाच टोकाकडून सोडल्यामुळे पहिली अक्षरे लखलखीत आणि पुढची मंद दिसतात, ही तक्रार तर अक्षरे चालू होती तेव्हापासूनचीच आहे.

अक्षरांच्या तळाला पाणी निचरायला भोकेच ठेवलेली नाहीत. दोन अक्षरांत अ‍ॅक्रिलिकच्या मागे पाण्याची सरळ रेघ दिसते आणि त्यात मेलेले किडे तरंगतात. ठरलेले स्क्रू स्टेनलेस स्टीलचे होते, पण प्रत्येक स्क्रूखालून गंजाचा तांबूस ओघळ पांढऱ्या शीटवर उतरला आहे. स्टेनलेस स्टील एवढ्या लवकर असे रडत नाही.

दिशादर्शक फलकांबद्दल बोलायलाच हवे. आम्ही सगळा मजकूर कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचे रेखाचित्रात रूपांतर करून) दिला होता, तो फाँट न बदलता तसाच कापायचा एवढेच काम होते. तरी आपल्याकडे कोणीतरी तो पुन्हा टाइप केला. परिणामी 'निर्गमन'ची वेलांटी पुढे सरकून 'र'ला चिकटली आहे, रफार नाहीसा झाला आहे आणि पाय मोडलेला 'र्' एकटाच उभा आहे. हा फलक आपल्या किमान तीन माणसांच्या हातून गेला असेल. एकालाही तो वाचावासा वाटला नाही?

मुख्य फलकावरील अक्षरे प्रांगणाच्या दुसऱ्या टोकावरून, सुमारे 90 मीटरवरून, आरामात वाचता यावीत अशी आमची अट होती. साधारण 3 मीटर अंतराला 25 मिलिमीटर उंची धरली, तर 750 मिलिमीटर लागतात. मंजूर ड्रॉइंगमध्ये तेवढीच होती, प्रत्यक्षात 600 भरली. ब्रीदवाक्य तर 60 मिलिमीटरचे आहे, ते सात-आठ मीटरपलीकडे वाचता येत नाही. मात्र खालच्या कोपऱ्यात आपल्या कंपनीचे नाव आणि फोन नंबर असलेली पट्टी 90 मिलिमीटरची आहे. ती लावायची परवानगी आम्ही दिलेली नव्हती.

आमची मागणी अशी : सुटलेली शीट ताबडतोब उतरवून जागा सुरक्षित करावी, यासाठी बाकीच्या कामाची वाट पाहू नये. त्यानंतर सही केलेली संरचनेची गणिते आणि स्थैर्य प्रमाणपत्र द्यावे. ती समाधानकारक नसतील तर चौकट आणि अँकर बदलावेत. पॉवर सप्लाय व स्क्रू कोटेशनप्रमाणे आणि अक्षरे मंजूर ड्रॉइंगच्या मापाची बसवावीत. चुकीचे दिशादर्शक फलक नव्याने करून द्यावेत आणि आपली पट्टी काढावी. यातल्या कशाचाही खर्च आम्ही देणार नाही, आणि तोपर्यंत अंतिम बिल थांबवले आहे.

हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत आपला अभियंता (विक्री प्रतिनिधी नव्हे) जागेवर आला नाही, तर करारातील तरतुदीप्रमाणे त्रयस्थाकडून फलक उतरवून घेऊ आणि तो खर्च आपल्या अनामत रकमेतून वळता करू. डब्यातील सप्लायचे लेबल, गंजाचे ओघळ आणि सुटलेल्या शीटचा व्हिडिओ ईमेलने पाठवला आहे.

कळावे,

आपला,
प्रकल्प समन्वयक