पाण्यातला सातबारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सॅन फ्रान्सिस्कोवरचा प्रवासलेख वाचला. गोल्डन गेट पूल, धुके, केबल कार, सगळे यथास्थित आले आहे. पण ‘हे कालपरवाचे शहर, इथे इतिहास तो काय असणार’ हे लेखकाचे वाक्य काही पचले नाही. माझी सगळी नोकरी नगर भूमापन कार्यालयात नकाशे आणि मिळकत पत्रिका सांभाळण्यात गेली. मुलीकडे तिकडे चार महिने राहिलो, तेव्हाही जुने नकाशे बघायची खोड सुटली नाही. त्यातून हाती लागले ते कळवतो.

आज जिथे बँकांचे मनोरे उभे आहेत, तिथे १८४९ साली येर्बा बुएना नावाची लहानशी खाडी होती. जानेवारी १८४८मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि जेमतेम हजार वस्तीचे गाव दोन वर्षांत पंचवीस हजारांच्या घरात गेले. जहाज नांगर टाकते न टाकते तोच खलाशी, कधी कधी कप्तानही, सोन्याच्या मागे डोंगरात पसार! शेकडो जहाजे खाडीत बेवारस पडली.

खरी मेख पुढेच आहे. पाण्याखालचे प्लॉट सरकारने १८४७पासूनच विकायला काढले होते. कागदावर चतुःसीमा पक्क्या, जागेवर नुसते पाणी. मग ताबा दाखवायचा कसा? खांब ठोकायचे, नाहीतर सरळ एखादे जुने जहाज प्लॉटवर आणून बुडवायचे. माझ्या नोकरीत तारेचे कुंपण घालून, रातोरात पत्र्याची शेड ठोकून ताबा सांगणारे खूप भेटले. त्या सगळ्यांनी या मंडळींपुढे हात टेकले असते.

‘नायँटिक’ नावाचे जहाज असेच किनाऱ्यावर ओढून त्याचे गोदाम केले होते. मे १८५१च्या आगीत त्याचा वरचा भाग जळाला, खालचा सांगाडा तसाच ठेवून वर हॉटेल बांधले गेले. पुढे भराव घालून खाडी बुजवली आणि अशी जहाजे जमिनीखाली गेली. १९७८ साली नव्या इमारतीचा पाया खोदताना तो सांगाडा वर आला. २००१मध्ये ‘जनरल हॅरिसन’ सापडले. ‘रोम’ नावाच्या जहाजातून तर १९९४ साली मेट्रोचा बोगदाच गेला. रोज हजारो लोक मोबाइलमध्ये डोके घालून जहाजाच्या पोटातून ऑफिसला जातात.

दुसरी गोष्ट तांदळाची. चीनने तांदळाची निर्यात थांबवली म्हणून या शहरात भाव पौंडाला ४ सेंटांवरून ३६ सेंटांवर गेला. जोशुआ नॉर्टन नावाच्या व्यापाऱ्याने १८५२च्या अखेरीस पेरूहून आलेला जहाजभर तांदूळ साडेबारा सेंटांनी उचलला. पाठोपाठ पेरूचीच आणखी जहाजे लागली आणि भाव कोसळला. कोर्टकचेऱ्यांत गडी पुरता बुडाला. १७ सप्टेंबर १८५९ रोजी त्याने वर्तमानपत्रातून जाहीर केले, की मी अमेरिकेचा सम्राट आहे! संपादकांनीही ते छापले. (आपण छापले असते का, असा एक खट्याळ प्रश्न मनात आला.) शहराने त्याला वेड्यात काढले नाही. १८६७मध्ये एका पोलिसाने वेडा म्हणून पकडले, तर लोक इतके भडकले की त्याला सोडावे लागले, आणि पुढे पोलीस त्याला सलाम ठोकू लागले. ऑकलंडपासून मधल्या गोट आयलंडवरून सॅन फ्रान्सिस्कोला पूल बांधा, असे फर्मान त्याने १८७२ साली काढले. १९३६मध्ये त्याच बेटावरून बे ब्रिज झाला.

हा सम्राट १८८०मध्ये वारला, पण त्यालाही शहरात जागा टिकली नाही. कारण १९००च्या सुमारास शहराने नवे दफन बंद केले आणि पुढे जुन्या कबरीही उठवल्या. जमीन महाग झाली होती, दुसरे काय! प्रेते दक्षिणेला कोल्मा गावी हलवली. तिथे जिवंत माणसे दीडेक हजार आणि मृत सुमारे पंधरा लाख. नॉर्टनही १९३४ साली तिकडेच गेला. ज्यांचे कोणी आले नाही, त्यांना सामुदायिक खड्डे मिळाले आणि त्यांच्या शिळा शहराच्या कामी आल्या. ब्वेना व्हिस्टा पार्कच्या पाणी वाहून नेणाऱ्या चरांत त्या बसवल्या आहेत, काहींवरची अक्षरे अजून वाचता येतात. मी वाकून वाचायला लागलो, तर मुलगी म्हणाली, “बाबा, चला आता, लोक बघतायत.”

मराठी वाचकांसाठी लिहिलेल्या लेखात आणखी एक पत्ता हवा होता: ५, वुड स्ट्रीट, गदर स्मारक. इंग्रजी सत्ता उलथवण्यासाठी अमेरिकेतल्या भारतीयांनी काढलेल्या गदर पक्षाच्या पत्राचा पहिला अंक १ नोव्हेंबर १९१३ रोजी याच शहरातून निघाला. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत शिकायला गेले, या पक्षाचे झाले, लढ्यासाठी परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला फासावर गेले. केबल कारच्या तिकिटाचे दर चौकटीत देता आले, तर या पत्त्यालाही दोन ओळी मिळायला हरकत नव्हती. तिथे जाणाऱ्यांनी मात्र भारतीय वाणिज्य दूतावासात आधी चौकशी करावी.

आपला,
एक निवृत्त भूमापक, सातारा