दार एका साइटचं

प्रिय मन्या,

स. न. वि. वि. (हसू नकोस. पत्र म्हटलं की हात आपोआप तिकडेच वळतो.)

परवा फोनवर तू म्हणालास, "एवढा राग आलाय तर अकाउंट काढून टाक की, त्यासाठी प्रोग्रॅम कशाला लिहायचा?" तेव्हा मी काहीतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेली. आता काम हातावेगळं झालंय, तर नीट सांगतो.

त्या सोशल मीडिया साइटवरचं अकाउंट मी केव्हाच काढलं होतं. मीनूच्या घराचा पत्ता कुणीतरी तिथे टाकला, खाली धमक्यांची रांग लागली, आपण सगळ्यांनी तक्रारी केल्या आणि नवव्या दिवशी उत्तर आलं की यात आमच्या नियमांचा भंग होत नाही. त्याच रात्री काढलं. पण अकाउंट काढलं तरी बोटांची सवय कुठे जाते? नवी टॅब उघडली की बोट त्या एका अक्षरावर पडायचं, उरलेलं नाव ब्राउझर स्वतःच पुरं करायचा, एंटर. पान समोर आल्यावर मला कळायचं की आपण ते उघडलंय. म्हणून एक्स्टेन्शन: ती साइट उघडूच न देणारा, ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम.

पहिली आवृत्ती एका संध्याकाळीच झाली. एक्स्टेन्शनची ओळख सांगणारी मॅनिफेस्ट नावाची एक फाइल, तिच्याशेजारी काय अडवायचं त्या नियमांची एक, बस्स. पूर्वी एक्स्टेन्शन ब्राउझरने साइटकडे केलेली प्रत्येक विनंती वाटेत अडवून स्वतः तपासायचं. आता क्रोममध्ये नियम आधीच ब्राउझरच्या हवाली करायचे, अंमलबजावणी तो करतो. जाहिराती रोखणारी एक्स्टेन्शनं बनवणाऱ्यांनी यावर बरीच ओरड केली आणि त्यांच्या जागी ती रास्तच आहे. मला मात्र एकच दार लावायचं होतं. माझ्या एक्स्टेन्शनला मी बाकी काय वाचतो ते दिसतच नाही, हे उलट बरंच झालं.

नियम लिहिला, साइटचं नाव टाइप केलं, एंटर मारलं आणि पान झोकात उघडलं! तासभर डोकं खाजवलं. स्पेलिंग पाहिलं, एक्स्टेन्शन काढून पुन्हा घातलं, ब्राउझर बंद करून चालू केला. शेवटी माहितीपानावर एक ओळ सापडली: विनंतीचा प्रकार लिहिला नाही, तर नियम सगळ्या प्रकारांना लागू होतो, 'मेन फ्रेम' तेवढी सोडून. मेन फ्रेम म्हणजे टॅबमध्ये थेट उघडलेलं पान. थोडक्यात, मी घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि दार सताड उघडं.

पण त्या चुकीमुळेच खरी भानगड दिसली. त्या तासाभरात उत्तर शोधत इतर पानं चाळत होतो, तर त्यांना जागोजाग भोकं पडलेली. बातमीच्या मधोमध कोरी चौकट, कारण तिथे त्या प्लॅटफॉर्मवरची पोस्ट चिकटवलेली होती. कुठे तळाचं 'शेअर करा' बटण गायब. मग पान कुणाकुणाकडे विनंत्या पाठवतं ती, ब्राउझरमधली नेटवर्कची यादी उघडून बसलो. मी उघडलेल्या निम्म्याहून जास्त साइट मागच्या दाराने त्याच प्लॅटफॉर्मला हाक मारत होत्या आणि मी कुठल्या साइटवर आहे हेही बहुतेक वेळा त्या हाकेबरोबर जात होतं. म्हणजे अकाउंट काढल्यापासून मी ज्याला बहिष्कार म्हणत होतो, त्या सगळ्या काळात हे चालूच होतं.

तुला तो बॉयकॉट माहीत आहे ना? आयर्लंडमधला जमीनदाराचा कारभारी, कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. १८८० साली त्याच्यावर चिडलेल्या लोकांनी त्याला वाळीत टाकलं: पीक कापायला मजूर मिळेनात, दुकानदार माल देईनात, टपालही कुणी पोचवीना. बाहेरून मजूर आणून, सैनिकांच्या पहाऱ्यात त्याची कापणी करावी लागली. त्याच्या घरी जाणारं टपाल लोकांनी बंद पाडलं, आणि इथे मी ज्यांना वाळीत टाकलंय त्यांचं टपाल रोज माझ्याच घरातून जात होतं! मेन फ्रेम नियमात घातली, पण खिडक्याही तशाच बंद ठेवल्या.

दुसरी चूक किरकोळ, पण तुला हसू येईल. नियमात साइटचं नुसतं नाव लिहिलं होतं, त्यामुळे ते नाव पत्त्यात कुठेही आलं की पान बंद. पहिला बळी गेला त्या प्लॅटफॉर्मवर सडकून टीका करणाऱ्या लेखाचा. नावाआधी दोन उभ्या रेघा टाकल्या की फक्त डोमेनच (साइटचा मूळ पत्ता) धरलं जातं, हे तेव्हा समजलं.

मग एक जण म्हणाला, आता तिथे अजून लिहिणाऱ्या लोकांची यादी कर आणि ती नावं जिथे दिसतील तिथे लाल कर. करायला सोपं आहे. मी नाही म्हटलं. माझं भांडण त्या जागेशी आहे. आणि खरं सांगू, त्या यादीत पहिलं नाव तुझं आलं असतं. तुझी निम्मी कामं तिथूनच येतात हे मला ठाऊक आहे. त्यासाठी दहा मिनिटं दार उघडं ठेवायचं बटण घातलंय. ते फक्त तुझ्यासाठी, मी वापरत नाही. (दोनदा वापरलं.)

आता तिथे जायला गेलं की माझंच एक साधं पान उघडतं: आज कितव्यांदा आलास, एवढाच आकडा. पहिल्या दिवशी एकतीस होता, काल सहा. मात्र नुसतं अडवण्याऐवजी असं दुसरीकडे वळवायचं, तर त्या साइटपुरती जास्तीची परवानगी लागते. त्या परवानगीने हे एक्स्टेन्शन त्या साइटवरचा तुझा डेटा वाचू आणि बदलू शकतं. दचकू नकोस, पण माझ्यावर विसंबूही नकोस; पाच फाइली आहेत, उघडून वाच. आकडा तुझ्याच मशीनवर राहतो.

फोल्डर सोबत जोडलंय. एक्स्टेन्शनच्या पानावर डेव्हलपर मोड चालू करून ते निवडायचं. फायरफॉक्स ब्राउझरला तो बनवणाऱ्यांची डिजिटल सही लागते, ते नंतर बघू.

मीनूला यातलं काही बोललो नाहीये. तू भेटलास तर तूही विषय काढू नकोस. तिने स्वतःहून विचारलं तर दाखवीन.

तुझा,
अवि