तंबाखूच्या गावातून, तुला

प्रिय सुऱ्या,

निपाणीचं घर विकायचं ठरतंय, तात्या आणि काकांचं एकमत झालंय असा तुझा मेसेज आला तेव्हा मी ग्रीसमध्ये होतो, क्सांथी नावाच्या गावात, आणि नेमका एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरातच उभा होतो. त्यावर नुसता रडका इमोजी टाकून सोडायला मन होईना म्हणून आज रविवारी बसून सगळं लिहितोय, लांबलं तर लांबू दे.

तुला मागं इथल्या, जर्मनीत ड्रेस्डेनमधल्या, त्या बिल्डिंगचा फोटो पाठवलेला बघ, मशिदीसारखी दिसते, वर रंगीत काचेचा घुमट आणि बाजूला मिनार वाटतो ते खरं तर धुराडं. ती सिगारेटची फॅक्टरी होती, 1909 ची, आता आत ऑफिसं आहेत. तिचं नाव येनिद्झे. रोज ऑफिसला जाताना ती दिसते पण नावाचा अर्थ कधी शोधला नव्हता, मग कळलं की ते एका गावाचं तुर्की नाव आहे, तेव्हा तो भाग ऑटोमन साम्राज्यात होता आणि तिथला तंबाखू युरोपभर गाजलेला. ग्रीकमध्ये त्याच गावाला येनिसेआ म्हणतात आणि ते क्सांथीपासून अगदी जवळ आहे. निपाणीच्या पोराचा दोस्त म्हटल्यावर तिथं जाणं आलंच. थेस्सालोनिकीला उतरलो आणि तिथनं बसनं कावालामार्गे गेलो.

1870 मध्ये येनिसेआ आगीत जळालं आणि मग कारभार, व्यापार सगळं वर क्सांथीत आलं, डोंगराच्या पायथ्याला. क्सांथी स्वतः 1829 च्या मार्च-एप्रिलमध्ये दोन भूकंपांत जमीनदोस्त झालेलं, त्यामुळं आज जे जुनं गाव दिसतं ते जवळपास सगळं त्यानंतरचं, आणि ते उठलं तंबाखूच्या पैशावर. बांधायला गवंडी आले ते पार पश्चिमेकडून, एपिरसच्या डोंगरातून. खाली दगडी भिंती आणि त्यात मधेमधे आडवे लाकडी पट्टे घातलेले, म्हंजे हादरा बसला तर भिंत एकदम फुटू नये, आणि वरचा मजला हलका, लाकडी सांगाडा आणि त्यावर पट्ट्या ठोकून चुन्याचा गिलावा. ते पट्टे बघून मला किल्लारी आठवली रे, तिथं मातीत रचलेल्या दगडांना असं बांधून धरणारं काहीच नव्हतं.

वरच्या मजल्याचा सज्जा रस्त्यावर पुढं आलेला असतो, त्याला तिथं साख्निसी म्हणतात. शब्द फारसीतला, शाहनशीन, म्हंजे राजाची बसायची जागा, आपल्या तख्तनशीन-पडदानशीनमधलाच नशीन. वस्तीला माखला म्हणतात, तोच आपला मोहल्ला. आणि शनिवारच्या बाजाराला पाझारी. मला एकदम घरी आल्यासारखं झालं. बाजारात ग्रीक, तुर्की आणि पोमाक अशा तिन्ही भाषा कानावर पडतात. पोमाक म्हणजे वरच्या रोदोपी डोंगरातले मुसलमान, पण त्यांची बोली बल्गेरियनच्या जवळची. 1923 ला ग्रीस आणि तुर्कस्ताननं लोकांची अदलाबदल केली, लाखो माणसं इकडची तिकडं झाली, पण या भागातल्या मुसलमानांना आणि इस्तंबूलच्या ग्रीकांना त्यातनं वगळलं, म्हणून क्सांथीत अजून अजान आणि चर्चची घंटा एकाच गल्लीत ऐकू येते. मुसलमान वस्तीतली घरं उंच भिंतीच्या आड, अंगण आत, आणि व्यापाऱ्यांची घरं मात्र थेट रस्त्यावर छाती काढून उभी.

आता मुख्य घर सांगतो. कुयुमजोग्लू नावाचे दोन भाऊ, तंबाखूचे व्यापारी, यांनी एकमेकाला चिकटून दोन जुळी घरं बांधली, एकासारखं हुबेहूब दुसरं. आडनाव बघ, माणसं ग्रीक ख्रिश्चन आणि आडनाव तुर्की, कुयुमजू म्हंजे सोनार आणि ओग्लू म्हंजे मुलगा. आता तिथं लोकजीवनाचं म्युझियम आहे. छतावर रंगवलेली नक्षी, भिंतींवर चित्रं, मी मान वर करून बराच वेळ बघत बसलो. आपल्याकडचा कडीपाट आठवला, तुमच्या माडीवरचा, ज्याच्या खाली झोपून आपण फळ्या मोजायचो.

थोडं वर चढलं की संगीतकार मानोस हाजीदाकीस यांचं घर. त्यांचा जन्म 1925 चा, इथलाच, पुढं ऑस्कर मिळालं. वडील क्रीटचे, आई एदिर्नेची. पोरगं सात वर्षांचं असताना आईबरोबर अथेन्सला गेलं.

आणि एक गोष्ट मला अजून सोडत नाही. या गावात ज्यू पण होते, वखारीतही आणि व्यापारातही. 1943 च्या मार्चमध्ये, तेव्हा ताबा बल्गेरियाचा होता, एका रात्रीत त्यांना घरातनं उठवून गोळा केलं आणि पुढं ट्रेब्लिंकाला, पोलंडमधल्या नाझींच्या मृत्यूछावणीत, पाठवलं. जवळपास कुणीच परत आलं नाही. गल्लीतनं फिरताना प्रत्येक बंद खिडकीपाशी मी थांबत होतो, यातलं कुठलं त्यांचं असेल.

खालच्या बाजूला मोठमोठ्या वखारी आहेत, काही पडक्या. तिथला तंबाखू म्हंजे बास्मा, पान एवढंसं, तळहातापेक्षा लहान. पहाटे अंधारात तोडायचं आणि एकेक पान सुईनं दोऱ्यात ओवून उन्हात वाळवायचं. मग वखारीत बाया-पुरुष बसून प्रतवारी करायचे, ख्रिश्चन, मुसलमान, ज्यू सगळे. म्हंजे ती रंगीत छतं, ते सज्जे, हे सगळं त्या पानापानातनं उभं राहिलंय. पण घरावर नाव भावांचं, आणि पानं ओवणाऱ्या एकीचंही नाव मला कुठं वाचायला मिळालं नाही.

मग मला तुमची वखार आठवली. मागच्या दारातनं आत गेलं की खकाण्यानं डोळे झोंबायचे, शिंका थांबायच्या नाहीत, आणि तोंडाला पदर बांधून चाळणीवर बसलेल्या त्या बाया. एक मावशी आपल्याला शेंगा द्यायची, लुगड्याच्या ओच्यातनं काढून, तिचं नाव मला आठवत नाही सुऱ्या. तुला आठवतंय का? मला नाही वाटत.

घर विकू नका असं मी इथं बसून म्हणणार नाही, कौलं फुटतात तेव्हा शिडीवर तात्या चढतात, मी नाही. पण सौद्याआधी दोन कामं कर. माडीचे, कडीपाटाचे, दिंडी दरवाजाचे फोटो काढ, टेप घेऊन खणांची मापं लिहून ठेव, वखारीची पण. आणि आज्जीजवळ बस. वखारीत कोण कोण कामाला होतं, कुठल्या गल्लीतनं यायच्या, शेंगावाली मावशी कोण, सगळं विचार. तिला सकाळी चहानंतर नीट आठवतं असं तूच म्हणाला होतास. फोन चालू ठेव आणि मला तिच्याच आवाजात पाठव, कितीही मोठी व्हॉइस नोट झाली तरी चालेल.

तात्यांना नमस्कार.

तुझा,
अभ्या